पाच वाजले, वाजत आले, की वाजून गेले?

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचताना अडचण येत नाही, लिहिणंही रोजचंच आहे. पण गेल्या वर्षापासून कामानिमित्त ब्रिटिश आणि अमेरिकन सहकाऱ्यांशी रोज बोलावं लागतं आणि तिथे मी एका विचित्र जागी अडखळते. आकडा अंदाजे सांगायचा असला की ही माणसं 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्सिमेटली' क्वचितच म्हणतात. 'इट्स गेटिंग ऑन फॉर फाइव्ह', 'शी इज सिक्स गोइंग ऑन सेव्हन', 'वी आर कमिंग अप ऑन टेन यीअर्स', 'द कॉस्ट विल रन इन्टू मिलियन्स' असं काहीतरी ऐकू येतं. शब्द सगळे ओळखीचे, पण पाच वाजले की वाजायचे आहेत, मुलगी सहाची की सातची, हे त्या क्षणी कळत नाही. मी यादी करून पाठ केली, तरी बोलताना सगळं एकमेकांत मिसळतं. त्यात परवा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची कुणीतरी चौकशी केली, तेव्हा 'त्यांचं छान चाललंय' या अर्थाने मी 'ही इज गेटिंग ऑन' म्हणाले आणि समोरचे दोघे एकदम गप्प झाले. माझं काय चुकलं? आणि हे सगळं लक्षात ठेवायचं तरी कसं?

— एक वाचक

उत्तर

प्रिय वाचक,

ती यादी आधी बाजूला ठेवा. तुमच्या पाठांतरात खोट नाही, यादी करतानाच एक गोष्ट निसटली आहे. शब्दकोशातून उतरवून घेताना या सगळ्या प्रयोगांसमोर बहुतेक एकच अर्थ पडतो: अंदाजे, जवळपास, सुमारे. दहा प्रयोग आणि अर्थ एकच, मग डोक्यात त्यांची सरमिसळ होणारच. खरं तर यातला जवळजवळ प्रत्येक प्रयोग अंदाजाबरोबर आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे बोलणारा आकड्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे. आकडा अजून यायचाय, आसपास आहे, की मागे पडला? ती बाजू पकडलीत की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

ही बाजू ओळखायला तुम्हाला नव्याने शिकायचं नाही. 'पाच वाजत आले', 'पाचच्या सुमारास' आणि 'पाच वाजून गेले' ही तीन वाक्यं तुम्ही कधी एकमेकांच्या जागी वापरली आहेत का? वयाचंही तसंच. 'पन्नाशीला आले', 'पन्नाशीच्या आसपासचे', 'पन्नाशी उलटली' यांतलं कुठलं कुणासाठी, याचा आपण विचारसुद्धा करत नाही. आकडा म्हणजे गावाची वेस धरा. कुणी वेशीकडे निघालेला असतो, कुणी वेशीपाशी घुटमळतो, कुणी आत शिरलेला असतो. इंग्रजीतले हे प्रयोगही असेच वेशीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहेत. तुमच्या यादीतलं 'अंदाजे' खोडा आणि प्रत्येकासमोर एवढंच लिहा: अलीकडे, पलीकडे, दोन्हीकडे. 'अबाउट' आणि 'अराउंड' दोन्हीकडे. 'निअरली' आणि 'ऑलमोस्ट' अलीकडे. 'जस्ट ओव्हर' पलीकडे. आता तुम्ही अडखळता त्या प्रयोगांकडे वळू.

'गेटिंग ऑन फॉर' हा पक्का अलीकडचा. 'इट्स गेटिंग ऑन फॉर फाइव्ह' म्हणजे पाच वाजत आले. घड्याळात पावणेपाच झाले असतील, पाचला दहा कमी असतील, पण पाच वाजून दोन मिनिटं झाली असतील तर हे वाक्य बसत नाही. 'ऑन' या शब्दात पुढे सरकत राहण्याचा भाव आहे, 'कॅरी ऑन', 'मूव्ह ऑन' मध्ये तुम्हाला तो भेटलेला आहे. 'फॉर' मध्ये दिशा आहे, 'हेड फॉर' म्हणतात तशी. पुढे सरकतोय, अमुक दिशेने सरकतोय, आणि ती दिशा म्हणजे तो आकडा, असं मनात धरलंत तर अर्थ पाठ करावा लागत नाही.

वेळेला चालतो तसा हा वयालाही चालतो. 'ही इज गेटिंग ऑन फॉर सेव्हन्टी' म्हणजे सत्तरीला आले. संख्येलाही चालतो, आणि तिथेच तो ऐकणाऱ्याला चकवतो. 'देअर वर गेटिंग ऑन फॉर टू हन्ड्रेड पीपल' असं वाक्य कानावर पडलं की आपण 'वर' आणि 'गेटिंग' अशी दोन क्रियापदं सोडवत बसतो. कोण कुठे निघालंय, असा प्रश्न पडतो. इथे कुणीही कुठेही निघालेलं नाही. 'गेटिंग ऑन फॉर' हे तीन शब्द मिळून आकड्याच्या अलीकडे लावलेली एक चिठ्ठी झाली आहे, 'ऑलमोस्ट' सारखी. अख्खा गठ्ठा उचला, त्या जागी 'ऑलमोस्ट' ठेवा, वाक्य लगेच उलगडेल: जवळजवळ दोनशे माणसं होती, दोनशेला थोडी कमीच.

या प्रयोगाचं रूपही ठरलेलं आहे. तो कायम 'आयएनजी' लावूनच येतो. 'इट गेट्स ऑन फॉर फाइव्ह' असं कुणी म्हणत नाही. भूतकाळात मात्र तो सहज जातो, आणि गोष्ट सांगताना फार उपयोगी पडतो: 'इट वॉज गेटिंग ऑन फॉर मिडनाइट व्हेन वी लेफ्ट', मध्यरात्र होत आली होती तेव्हा आम्ही निघालो. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकन सहकाऱ्यासमोर वापरलात तर त्याला अर्थ लागेल, पण तो क्षणभर थांबेल.

त्याच बाजूचा दुसरा प्रयोग 'कमिंग अप टू'. ब्रिटिश माणूस 'इट्स कमिंग अप टू फोर' म्हणाला तर चारला अगदी थोडा अवकाश आहे. अमेरिकन तेच 'कमिंग अप ऑन' असं म्हणतो. तुम्ही ऐकलेलं 'वी आर कमिंग अप ऑन टेन यीअर्स' म्हणजे दहा वर्षं होत आली. झाली नाहीत, हे महत्त्वाचं. हे ऐकून तुम्ही त्याच दिवशी दशकपूर्तीचं अभिनंदन केलंत तर ते घाईचं ठरेल. पुढे आकडा नसेल आणि नुसतं 'कमिंग अप' असेल, तर त्याचा अंदाजाशी संबंध नाही. 'हर बर्थडे इज कमिंग अप' म्हणजे तिचा वाढदिवस जवळ आलाय, एवढंच.

'गोइंग ऑन' ला मी थोडी जास्त जागा देणार आहे, कारण याच्यासाठी आपल्याकडे तंतोतंत सोय आहे आणि ती वापरायचं आपल्याला सुचत नाही. 'शी इज सिक्स गोइंग ऑन सेव्हन' याचं मराठी म्हणजे 'सहा पूर्ण झाली, सातवं लागलं'. खरं वय पहिला आकडा. दुसरा आकडा आहे तो येऊ घातलेला. कधीकधी पहिला आकडा गाळतात आणि नुसतं 'शी इज गोइंग ऑन सेव्हन' म्हणतात, तरीही मुलगी सहाचीच. हे ऐकून कुठल्या अर्जावर वय भरायची वेळ आली तर सहा लिहा. एक बारीक फरक आहे. आपल्याकडे सहावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशीही 'सातवं लागलं' म्हणता येतं. इंग्रजीत 'गोइंग ऑन सेव्हन' म्हटलं की वाढदिवस जवळ येत चाललाय, असा सूर बहुधा असतो.

आता दोन आकड्यांमधलं अंतर बघायची सवय लावा. सहा आणि सात, सोळा आणि सतरा, असं एकाचं अंतर असेल तर वयाची गोष्ट चालली आहे. 'थर्टीन गोइंग ऑन थर्टी' असं मोठं अंतर ऐकलंत तर ती वागण्याची गोष्ट आहे: वय तेरा, पण बोलणं-वागणं तिशीतल्यासारखं. उलटही होतं, 'फॉर्टी गोइंग ऑन फोर्टीन'. हे कौतुकाने म्हटलंय की तक्रारीने, ते आवाजावरून कळतं.

अमेरिकन लोक 'गोइंग ऑन' कालावधीलाही लावतात: 'वी हॅव बीन हिअर गोइंग ऑन टेन यीअर्स', इथे येऊन दहा वर्षं होत आली. ब्रिटिश बोलण्यात त्याला बऱ्याचदा 'फॉर' जोडतात, 'इट्स गोइंग ऑन फॉर फाइव्ह'. अर्थ दोघांचा एकच, बाजूही एकच, अलीकडची.

पलीकडच्या बाजूला ब्रिटिशांचा एक छोटा, सुंदर प्रयोग आहे: 'इट्स गॉन फाइव्ह'. पाच वाजून गेले. 'इट्स जस्ट गॉन फाइव्ह' म्हणजे नुकतेच वाजून गेले. मराठीतही आपण 'गेले' च म्हणतो, त्यामुळे हा तुमच्या तोंडी दोन दिवसांत बसेल. वयासाठी याच बाजूला 'टर्न्ड' आहे: 'शी हॅज जस्ट टर्न्ड थर्टी', नुकतीच तीस पूर्ण झाली. जाता जाता, ब्रिटिश बोलण्यातलं 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. ते साडेचार समजू नका, काही युरोपीय भाषांमध्ये तसं असतं म्हणून तिकडच्या लोकांचा गोंधळ होतो. आपलं 'साडे' पुढेच मोजतं, त्यामुळे आपल्याला हे सोपं.

आता त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दल. 'गेटिंग ऑन' च्या पुढे 'फॉर' आणि आकडा असेल तर तो अंदाज. पुढे काहीच नसेल आणि कर्ता माणूस असेल, तर अर्थ होतो 'त्यांचं वय होत चाललंय'. तुमच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच ऐकलं. तुम्हाला म्हणायचं होतं ते 'ही इज गेटिंग ऑन वेल' किंवा अधिक सरळ, 'ही इज डूइंग वेल'. एका 'वेल' ने एवढा फरक पडतो, आणि तो फरक कुठल्याही यादीत सहसा लिहिलेला नसतो, म्हणून याचं फार मनाला लावून घेऊ नका. 'हाऊ आर यू गेटिंग ऑन?' मध्ये वयाचा काही संबंध नाही, काम कसं चाललंय असा तो प्रश्न आहे. तेच ऐकून तुमच्या तोंडून ते अर्धं वाक्य गेलं असावं. 'गेटिंग ऑन विथ' म्हणजे कुणाशी पटणं. आणि कर्ता 'टाइम' असेल, 'टाइम इज गेटिंग ऑन', तर उशीर होत चाललाय. त्या दोघांपैकी कुणाशी पुन्हा बोलणं झालं तर 'आय मेन्ट ही इज डूइंग वेल' एवढं एक वाक्य बोला. त्याहून लांब खुलासा नको, लांबवला की त्या वयाच्या विषयाकडे उगाच लक्ष जातं.

वयाच्याच प्रांतात 'पुशिंग' तुमच्या कानावर पडेल: 'ही इज पुशिंग सिक्स्टी', साठीला टेकले. मागे अव्यय नसल्यामुळे व्याकरणाच्या हिशेबाने हा फ्रेझल व्हर्ब (क्रियापद आणि 'ऑन', 'अप' सारखं अव्यय मिळून झालेला प्रयोग) नाही, पण बसतो त्याच जागी आणि बाजूही अलीकडचीच. वेगळेपण आहे ते सुरात. बोलणाऱ्याला ते वय मोठं वाटतं आहे, हे त्यात येतंच. म्हणून लहान मुलाला तो लावत नाहीत, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या तोंडावर तर मुळीच नाही. ब्रिटिश बोलण्यातलं 'नॉकिंग ऑन अ बिट' त्याच जातीचं. हे दोन्ही ओळखा, समजून घ्या, पण स्वतः वापरू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. दुसऱ्याच्या वयाबद्दल परक्या भाषेत सूर सांभाळणं अवघड असतं. 'इन हिज लेट फिफ्टीज' म्हटलं की काम होतं आणि कुणी दुखावत नाही.

संख्येकडे वळताना एक जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातली गफलत कामात महाग पडू शकते: 'रन इन्टू' आणि 'गेटिंग ऑन फॉर'. 'द कॉस्ट इज गेटिंग ऑन फॉर अ मिलियन' म्हणजे खर्च दहा लाखांपर्यंत यायला आलाय, अजून पोहोचलेला नाही. 'द कॉस्ट विल रन इन्टू मिलियन्स' म्हणजे खर्च त्या घरात शिरणार, एक मिलियन तर मागेच पडलं, किती आत जाईल ते सांगता येत नाही. आपण 'कोटींच्या घरात जाईल' म्हणतो तेच. पहिलं वाक्य ऐकून दुसरं समजलात किंवा उलट, तर अंदाजपत्रकाचा सगळा तोल बदलतो. 'रन इन्टू' पुढे सहसा नेमका आकडा येत नाही, 'हन्ड्रेड्स', 'थाउजंड्स', 'मिलियन्स' अशी अनेकवचनी, मोघम एककं येतात. त्याच्या पुढे माणूस आला तर मात्र अर्थ वेगळाच: 'आय रॅन इन्टू हर' म्हणजे ती अचानक भेटली.

'रन टू' याच्या शेजारी राहतो, पण स्वभावाने वेगळा आहे. 'द रिपोर्ट रन्स टू फोर हन्ड्रेड पेजेस' म्हणजे अहवाल चारशे पानांचा भरतो. यात अंदाज आहेच असं नाही, आकडा नेमकाही असू शकतो. मोघमपणा हवा असेल तर मध्ये 'अबाउट' घालावा लागतो. नकारार्थी वापरलं तर ब्रिटिश बोलण्यात त्याला ऐपतीचा अर्थ येतो: 'अवर बजेट डझन्ट रन टू दॅट', आपल्या अंदाजपत्रकात ते बसत नाही.

'कम टू', 'अ‍ॅड अप टू', 'वर्क आउट अ‍ॅट' हे तुम्ही यादीत घेतले असतील तर काढून टाका. ते अंदाजाचे शब्दच नाहीत, हिशेबाचे आहेत. 'इट कम्स टू टू हन्ड्रेड' म्हणजे बेरीज दोनशे होते, बरोबर दोनशे. सरासरी किंवा माणशी किती पडतं ते सांगायला ब्रिटिश 'वर्क्स आउट अ‍ॅट' म्हणतात, अमेरिकन 'वर्क्स आउट टू'.

'पुट अ‍ॅट' मात्र नक्की शिका. 'दे पुट द क्राउड अ‍ॅट फाइव्ह थाउजंड' म्हणजे गर्दी पाच हजारांची होती असा त्यांचा अंदाज आहे. इथे बाजू नसते, पण अंदाज कुणाचा आहे हे पक्कं सांगितलं जातं, आणि मला हा प्रयोग त्यासाठीच आवडतो. बातम्यांमध्ये तो सारखा येतो. वयालाही चालतो: 'आय वुड पुट हर अ‍ॅट फॉर्टी', माझ्या मते चाळिशीची असेल. याच्या जवळचा 'टेक फॉर' जपून वापरा. 'आय टुक हिम फॉर थर्टी' म्हटलं की मला तो तिशीचा वाटला होता आणि निघाला वेगळाच, असं ऐकणारा धरून चालतो.

बाकीचे दोन-चार झटकन पाहू. 'हॉव्हर अराउंड' दोन्हीकडचा, पण वरखाली होणाऱ्या गोष्टींसाठीच: तापमान, दर, टक्केवारी. माणसाचं वय वरखाली होत नाही, त्यामुळे तिथे नको. 'टॉप आउट अ‍ॅट' म्हणजे कमाल तिथवर. 'राउंड अप' केलेला आकडा ऐकलात तर मूळ आकडा त्याहून कमी आहे, 'राउंड डाउन' असेल तर जास्त, 'राउंड ऑफ' असेल तर दोन्हीपैकी काहीही.

आकडा कुठला निवडायचा याचीही एक शिस्त आहे आणि तीही तुमच्याकडे आहेच. आपण 'पन्नासेक माणसं' म्हणतो, 'सत्तेचाळीसेक' म्हणत नाही. इंग्रजीतही 'गेटिंग ऑन फॉर फिफ्टी' चालतं, 'गेटिंग ऑन फॉर फॉर्टी सेव्हन' कानाला खटकतं. घड्याळात पूर्ण तास, अर्धा तास, फार तर पाव तास. 'गेटिंग ऑन फॉर फाइव्ह सेव्हन्टीन' म्हणणारा माणूस अंदाज सांगतोय की नेमकी वेळ, हेच कळेनासं होतं. लहान मुलांचं वय तेवढं अपवाद, तिथे प्रत्येक वर्ष मोठं असतं, म्हणून 'गोइंग ऑन सेव्हन' चालतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठीतून इंग्रजीत जाताना एक सवय आपल्याला हमखास फसवते. आपण 'दोन-तीन दिवस', 'दहा-बारा माणसं' असं जोडून बोलतो. तेच 'टू थ्री डेज' म्हणून नेलं तर ब्रिटिश किंवा अमेरिकन ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. मध्ये 'ऑर' घाला: 'टू ऑर थ्री डेज', 'टेन ऑर ट्वेल्व्ह पीपल'. 'ऑर' च्या जागी 'ते' या अर्थाचं 'टू' घालताना सावध राहा. माणसांच्या बाबतीत 'टेन टू ट्वेल्व्ह' ठीक आहे, पण वेळेच्या बाबतीत 'आय विल कॉल यू अ‍ॅट टेन टू ट्वेल्व्ह' म्हणजे बाराला दहा कमी असताना फोन करते. तुम्हाला दहा ते बाराच्या मध्ये म्हणायचं असेल तर 'बिटवीन टेन अँड ट्वेल्व्ह' म्हणा.

'ऑड' आणि 'इश' हे फ्रेझल व्हर्ब नव्हेत, तरी रोज लागतात. 'ट्वेन्टी-ऑड पीपल' म्हणजे वीस आणि वर काही, त्यामुळे हा पलीकडचा. लिहिताना मधली छोटी रेघ विसरू नका. ती गाळली तर वाचणाऱ्याला 'वीस विचित्र माणसं' असाही अर्थ लागू शकतो. 'फाइव्हिश' दोन्हीकडचा आणि अगदी घरगुती. मित्राला भेटायची वेळ ठरवताना छान, बैठकीच्या निमंत्रणात नको.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. पत्रव्यवहारात, अहवालात, करारात यातलं बोलीतलं काहीच वापरू नका. तिथे 'जस्ट अंडर', 'जस्ट ओव्हर', 'निअरली', 'अप्रॉक्सिमेटली' हेच बरे, त्यांत बाजू स्वच्छ दिसते. 'अप्रॉक्सिमेटली अबाउट' असं दोन्ही एकत्र मात्र लिहू नका, एक पुरतो. आणि 'बाय फाइव्ह' हा अंदाज नाही, ती मुदत आहे. पाचच्या आधी कधीही चालेल, नंतर नाही. 'अराउंड फाइव्ह' ऐकून सव्वापाचला गेलात तर कुणी काही म्हणणार नाही, 'बाय फाइव्ह' ऐकून गेलात तर उशीर झालेला असेल.

बोलताना सगळे प्रयोग वापरायची गरज नाही. ऐकून सगळे कळायला हवेत, बोलायला तीन-चार पुरेत. ब्रिटिश सहकाऱ्यांशी 'गेटिंग ऑन फॉर' आणि 'जस्ट गॉन', अमेरिकनांशी 'गोइंग ऑन' आणि 'कमिंग अप ऑन', दोघांशी 'रन इन्टू'. हे तोंडात बसेपर्यंत नवीन काही घेऊ नका. सरावासाठी दिवसभरात स्वतःच्या तोंडून सहज निघालेली मराठी वाक्यं पकडा. 'बारा वाजत आले', 'त्याला नोकरी लागून पाच वर्षं होत आली', 'साठी उलटली असेल त्यांची', 'खर्च लाखांच्या घरात जाणार'. असं वाक्य निघालं की आधी बाजू ठरवा आणि मग त्या बाजूचा इंग्रजी प्रयोग त्यावर बसवा. मराठी शब्दांना इंग्रजी शब्द शोधत बसलात तर 'वाजत आले' मधलं 'आले' तुम्हाला भलतीकडे नेईल. बाजू धरून गेलात तर चुकायला जागा उरत नाही. शब्दकोशात बघायचं झालं तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेला कोश घ्या. त्यात प्रयोग ब्रिटिश आहे की अमेरिकन आणि बोलीतला आहे की नाही, याची खूण दिलेली असते.

एवढं करूनही एखादं वाक्य हातातून निसटेलच, भरभर बोलण्यात ते प्रत्येकाचं निसटतं. अशा वेळी 'पार्डन?' म्हणून थांबू नका, कारण समोरचा तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणेल आणि तुम्ही तिथेच राहाल. थेट बाजूच विचारा. वेळ असेल तर 'सो, नॉट क्वाइट फाइव्ह येट?' संख्या असेल तर 'अ बिट अंडर, ऑर अ बिट ओव्हर?' मुलांचं वय असेल तर 'सो शी इज स्टिल सिक्स?' उत्तर एक-दोन शब्दांत येतं, बोलणं अडत नाही, आणि तो प्रयोग त्या प्रसंगासकट तुमच्या लक्षात राहतो.